जुनी विंगर कॅम्पर, नवा फ्रीज आणि दीडची वायर : वापरानंतरचा अनुभव

बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज बंद पडला की फ्रीजवाला बॅटरीकडे बोट दाखवतो आणि बॅटरीवाला फ्रीजकडे, हे मला या उन्हाळ्यात सविस्तर पाहायला मिळाले. फ्रीजच्या सेवा केंद्राने कॉम्प्रेसर गेल्याचे फोनवरच जाहीर केले, गाडीत बसवलेल्या फ्रीजला वॉरंटी लागू होत नाही असे बजावले, आणि पुण्याला नेण्याआणण्याचा खर्च व तपासणी शुल्क माझ्याकडेच राहील हे शेवटी सांगितले. एवढे सगळे झाल्यावर मूळ दोष निघाला तो वायरीत, आणि ती बदलायला थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आणि फ्यूज धरून दोन हजार रुपयेसुद्धा लागले नाहीत. त्यामुळे पुढे वायरीबद्दल जरा जास्तच वाचावे लागेल. इंजिनाचा आणि पत्र्याचा भाग त्याआधीच उरकून घेतो.

गाडी 2009 ची टाटा विंगर आहे. पहिल्या मालकांनी गाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्या एका बॉडीबिल्डरकडून तिचे कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेतले होते आणि माझ्याकडे ती वापरलेल्या स्थितीत आली. विंगर 2007 मध्ये बाजारात आली, तिची रचना रेनॉच्या ट्रॅफिक या जुन्या व्हॅनवर बेतलेली आहे, आणि ताकद पुढच्या चाकांना जाते, हे बहुतेकांना ठाऊक असेलच. मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नसल्यामुळे तिची फरशी खाली आहे आणि आत जवळपास ताठ उभे राहून स्वयंपाक करता येतो. कॅम्परसाठी हा गुण इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठा आहे. याची दुसरी बाजू अशी की वेगळी चासी नसलेल्या मोनोकॉक बॉडीत फरशीचा आणि दाराखालच्या पट्ट्यांचा पत्रा हाच गाडीचा सांगाडा असतो, त्यामुळे तिथला गंज केवळ दिसायला वाईट म्हणून सोडून देता येत नाही. घेताना गाडी रॅम्पवर चढवून, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने सगळीकडे ठोकून पाहिली होती. सरकत्या दाराखालचा एक तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा लागला, बाकी फरशी शाबूत निघाली.

यांत्रिक कामाचा कोल्हापुरात त्रास नाही. क्लच प्लेट, रेडिएटरचे होज, फॅन बेल्ट आणि ड्राइव्ह शाफ्टचे फाटलेले रबरी बूट हे सगळे ठराविक काम होते आणि ते एका झटक्यात झाले. मागच्या सस्पेन्शनचा एक बुश बाजारात तयार मिळेना, तेव्हा शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर नमुना देऊन तो करून घेतला. टायरच्या नक्षीवर मात्र कोणी विसंबू नये. कॅम्पर वर्षातला बराच काळ उभीच असते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, म्हणून टायरच्या बाजूवर छापलेला चार अंकी आकडा वाचावा. 2318 असेल तर तो 2018 च्या तेविसाव्या आठवड्यातला माल आहे. माझ्या टायरची नक्षी नव्यासारखी होती आणि बाजूंना बारीक भेगा होत्या. चारही बदलले.

आता फ्रीज. उन्हाळ्याच्या तोंडावर नवा बसवला आणि दिवसा तो उत्तम चालला. पहाटे मात्र दूध नासलेले आणि फ्रीजवर लाल दिवा, असा प्रकार सुरू झाला. तो दिवा एकदा लुकलुके, मग थांबे, मग पुन्हा एकदाच लुकलुके. सोबतच्या पुस्तिकेत याचा अर्थ बॅटरीचा दाब (व्होल्टेज) कमी, एवढाच दिला आहे. अशा बहुतेक फ्रीजमध्ये दाब साधारण साडेदहा व्होल्टच्या खाली गेला की कॉम्प्रेसर आपणहून बंद होतो, जेणेकरून बॅटरी पूर्ण रिकामी होऊन खराब होऊ नये. सेवा केंद्राला हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितले; पलीकडून दर वेळी कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीचा तोच अंदाज ऐकवण्यात आला. बॅटरीच्या दुकानदाराने लोड टेस्ट केली, म्हणजे भार टाकून बॅटरी तपासली, बॅटरी निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला, आणि तरीही पाठोपाठ नवी बॅटरी सुचवली, हा मला त्यातल्या त्यात प्रामाणिक व्यवहार वाटला.

शेवटी कावळा नाक्याजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर आधी बॅटरीवर आणि मग फ्रीजच्या मागच्या टोकावर लावला. फ्रीज चालू असताना बॅटरीवर 12.3 व्होल्ट होते आणि फ्रीजपाशी 11.5. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी फ्रीजपाशी काटा साडेदहाच्या खाली झेपावून परत वर येत होता. “साहेब, फ्रीजला काय धाड भरल्याली न्हाई, त्याला पोटाला मिळंना झालंय बघा,” असे म्हणून त्यांनी ओट्याखालची पट्टी उघडली. आत घरातल्या दिव्याच्या बटणाला वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची लाल-काळी वायर होती, ती मागच्या पलंगाखालच्या बॅटरीपासून छताच्या कडेने फिरून पुन्हा खाली उतरत होती, आणि वाटेत एका ठिकाणी दोन टोके नुसती पिळून त्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. टेप सोडवल्यावर आतले तांबे हिरवट पडलेले दिसले.

हिशेब साधा आहे. बॅटरी ते फ्रीज वायरीचा रस्ता सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा. दीडच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण 13 मिलिओहम असतो, म्हणजे बारा मीटरला सुमारे 0.16 ओहम. फ्रीज चालताना पाच अँपिअर ओढतो, तेव्हा वाटेतच 0.8 व्होल्ट खर्ची पडतात. सुरू होताना तो याच्या दुप्पट किंवा अधिक ओढतो, तेव्हा दीड-दोन व्होल्ट जातात. घरच्या 230 व्होल्टमध्ये हा तोटा कोणाच्या ध्यानातही येणार नाही, परंतु बारा व्होल्टमधून दोन गेले की सहावा हिस्सा गेला. दिवसा सौर पॅनेलमुळे बॅटरीचा दाब तेरा-साडेतेरावर असे म्हणून हा तोटा झाकला जाई, आणि पहाटे तो उघडा पडे. आम्ही सहा स्क्वेअर एमएमची लवचीक तांब्याची वायर छताला वळसा न घालता फरशीच्या कडेने नळीतून नेली, टोकांना थिंबल दाबून बसवले, बॅटरीजवळ फ्यूज टाकला आणि काळ्या टेपेला गाडीतून रजा दिली. सहाच्या वायरीचा रोध मीटरला सव्वातीन मिलिओहमच्या आसपास असल्यामुळे फ्रीज चालताना होणारा तोटा आता 0.2 व्होल्टवर आला आहे. ज्या कॉम्प्रेसरच्या मृत्यूचा दाखला मला फोनवरून मिळाला होता, तो तेव्हापासून एकदाही थांबलेला नाही. सेवा केंद्राला मी दोन्ही टोकांच्या मोजणीची छायाचित्रे पाठवली. उत्तरादाखल तपासणी शुल्काचे बिल आले, जे मी भरलेले नाही आणि भरणार नाही.

वायर बदलल्यावर बॅटरीबद्दलचे माझे मत फार ठाम झाले होते. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी 150 अँपिअर-तासांची (बॅटरीत किती वीज मावते त्याचे हे माप) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी भरायची, बॅटरी गाडीत होती, आणि अर्ध्यापर्यंतच वापरायची म्हटले तरी तिच्यातून 75 अँपिअर-तास मिळतात. उन्हाळ्यात फ्रीज दिवसाला पन्नास-साठ घेतो, पंखा आणि दिवे थोडे, आणि छतावरचे 200 वॅटचे पॅनेल चैत्र-वैशाखाच्या उन्हात ते सहज भरून काढते. त्यामुळे लिथियम बॅटरी म्हणजे हौसेचा खर्च आहे, चांगली वायर टाका आणि जुनीच बॅटरी चालवा, असा अभिप्राय मी मे महिन्यात दोन ओळखीच्या कॅम्परवाल्यांना आत्मविश्वासाने दिला होता. उन्हाळ्यापुरता तो अजूनही टिकतो.

पावसाळ्यात तो टिकला नाही. आंबा घाट किंवा गगनबावड्याच्या बाजूला जुलैमध्ये मुक्काम केला तर पॅनेल उन्हाळ्याच्या पाव भागही वीज देत नाही, आणि मग सगळी भिस्त इंजिनावर येते. ट्यूब्युलर बॅटरी तिच्या क्षमतेच्या साधारण दहा टक्क्यांनी, म्हणजे पंधरा अँपिअरने भरायची असते, आणि शेवटचा पाचवा हिस्सा तर ती तासन्‌तास घेते. लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या लिथियम बॅटरीला तीस अँपिअर दिले तरी ती जवळजवळ शेवटपर्यंत त्याच वेगाने घेते. कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी सुमारे 130 किलोमीटर आहे. पावसात तेवढ्याला साडेतीन तास लागतात, आणि तेवढ्यात 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी जवळपास रिकामी असली तरी भरून जाते. जुनी बॅटरी तेवढ्याच प्रवासात निम्म्याच्या थोडी वर येई आणि दुसऱ्या रात्री धाप टाकी. वजनाचाही मुद्दा आहे. पन्नास किलोंच्या वरची ट्यूब्युलर मागच्या एक्सलच्या पलीकडे ठेवली की पुढचा भाग तेवढा हलका होतो, आणि पुढच्या चाकांवर चालणारी कोणतीही व्हॅन ओल्या चढावर आणि लाल चिखलात मग जागेवरच चाके फिरवते. नवी बारा किलोंची आहे. पन्हाळ्याच्या चढावर फरक जाणवतो, फार नाही, पण जाणवतो.

याहून गंभीर गोष्ट बॉडीबिल्डरने करून ठेवली होती. पाणी भरायची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि ती त्यांनी पलंगाखाली हवा जायला जागा नसलेल्या खोक्यात ठेवली होती, ज्यावर माणसे झोपत होती. त्या एका कारणासाठीसुद्धा मी आता बदल सुचवीन. मात्र लिथियम थेट आल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, जोडू नये. ती अडवणूक न करता प्रवाह ओढते आणि जुना आल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये प्रवाहाला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच, आणि बॅटरी विकणारे भाव सांगताना त्याचे नाव घेत नाहीत. चार्जर, नवा सोलर कंट्रोलर आणि जाड केबल धरून जो आकडा झाला, तो मी घरात अद्याप पूर्ण सांगितलेला नाही.

छपराबद्दल थोडक्यात. हवेच्या झडपेभोवती आधीच्या लोकांनी दर पावसाळ्यापूर्वी सिलिकॉनचा नवा थर चढवला होता आणि तरी ओट्यावरच्या कपाटात पाणी येत होते. जुन्या सिलिकॉनवर दुसरे काहीच नीट चिकटत नाही, नवे सिलिकॉनही नाही, त्यामुळे थरांवर थर देणे हा निव्वळ खर्च होता. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजवते. झडपेसाठी कापलेल्या कडेला तेच झाले होते. सगळे खरवडून, कडेला प्रायमर मारून, झडपेच्या पसरट कडेखाली (फ्लॅंजखाली) ब्यूटाइल टेप आणि वर स्क्रूंवर पॉलियुरेथेन सीलंट असे केले आहे. फुगलेल्या कपाटाच्या जागी आयएस 710 शिक्क्याचे मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारे प्लायवुड, वापरले. फर्निचरवाल्याने तेवढ्यासाठी साधे कमर्शियल पुरेल म्हणून बराच आग्रह केला होता. या पावसाळ्यात गगनबावड्याच्या सरींखाली गाडी उभी राहिली आणि कपाट कोरडे राहिले.

कागदपत्रांत अडचण आली नाही, कारण पहिल्या मालकांनी कॅम्परचा बदल आरसी पुस्तकात रीतसर नोंदवून घेतला होता. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि तो नोंदवलेला नसेल तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते, त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीला जाण्याआधी हेडलाइट, हँडब्रेक आणि वायपर पाहून घेतले की एका फेरीत पासिंग होते. गॅससाठी पाच किलोंचे सिलिंडर आहे, सुरक्षा नळी नवी आहे, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला भोक पाडून ते गाडीबाहेर उघडले आहे. बॉडीबिल्डरने तेही केले नव्हते.

अशी तयार जुनी कॅम्पर पाहायला जाणाऱ्याने मल्टिमीटर खिशात न्यावा. फ्रीज, पाण्याचा पंप आणि पंखा एकदम चालू करायला सांगावेत, आधी बॅटरीवर आणि मग फ्रीजच्या टोकावर दाब मोजावा, आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर सगळी वायरिंग नव्याने करावी लागेल असे धरून तेवढी रक्कम किमतीतून कापून मागावी. माझ्या गाडीत पाण्याच्या पंपाला अजून तीच दीडची वायर आहे; पंप दोन मिनिटेच चालतो म्हणून इलेक्ट्रिशियन ती राहू द्या म्हणतात, पण मी अडीचची वायर आणून ठेवली आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत ती मी स्वतःच ओढणार आहे.