डंप की बेसबॅकअप: पोस्टग्रेस सांभाळणाऱ्यांसाठी

पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप म्हणून रोज रात्री पीजी डंप (डेटा आणि तो पुन्हा उभारण्याच्या आज्ञा) घेत राहायचं, की बेसबॅकअप (डेटाबेसच्या फाइलींची प्रत) घेऊन त्याच्या जोडीला वॉल (प्रत्येक बदलाची नोंद) आर्काइव्ह करायचं, म्हणजे जपून ठेवायचं? मी बरीच वर्षं पहिल्या पद्धतीवर काढली आणि आता दुसऱ्या पद्धतीवर आहे. दोन्ही पद्धतींवर मोठमोठी कामं चालतात, त्यामुळे अमुकच बरोबर असं मी म्हणणार नाही. पण माझा कौल कुठे गेला आणि का गेला, ते सांगतो.

डंपवर माझा जीव होता, आणि अजूनही आहे. चालू डेटाबेसवर तो एकाच क्षणाचं सुसंगत चित्र घेतो आणि लिहिणाऱ्यांना अडवत नाही. (डंप चालू असताना कोणी आल्टर टेबल चालवलं तर ते मात्र अडकतं आणि त्याच्यामागे त्या टेबलावरच्या साध्या क्वेऱ्यांचीही रांग लागते. मायग्रेशन आणि डंप एकाच वेळी ठेवू नका.) एखादंच टेबल परत आणायचं असेल, नवीन आवृत्तीवर जायचं असेल, वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर न्यायचं असेल, तर डंपसारखं सोपं काही नाही. शिवाय तो टेबलातली प्रत्येक ओळ वाचतो. एखादं पान खराब झालेलं असेल तर तिथे तो बहुतेक वेळा अडखळतो आणि आपल्याला वेळेत कळतं.

माझं घोडं अडलं ते रिस्टोअरपाशी, म्हणजे डंपमधून डेटाबेस पुन्हा उभा करण्यापाशी.

आमचा डेटाबेस साधारण ४०० जीबीचा होता आणि त्यातली निम्म्याहून जास्त जागा इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या याद्यांची) होती. डंप ४० मिनिटांत व्हायचा. त्यामुळे रिस्टोअरला फार तर दुप्पट वेळ लागेल, असा माझा हिशोब होता. एका रात्री सर्व्हरची डिस्क गेली. डंप ताजा होता, डेटा जवळजवळ काहीच गेला नाही. साडेअकराला रिस्टोअर सुरू केलं आणि ते संपलं दुसऱ्या दिवशी पावणेदहाला. डेटा तर दोनच्या आधीच टेबलांत बसला होता. बाकीचा सगळा वेळ इंडेक्स आणि फॉरेन की (टेबलांमधले दुवे) यांनी खाल्ला. कारण उघड आहे: डंपमध्ये इंडेक्स नसतोच, इंडेक्स बनवण्याची आज्ञा असते. डंप घेताना जी मेहनत वाचते, ती रिस्टोअर करताना व्याजासकट फेडावी लागते.

उशीर झाला, तो एक वेळ सोसवला असता. मला सलत राहिलं ते वेगळंच. रात्रभर दर अर्ध्या तासाने फोन येत होता, "अजून किती वेळ?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवृत्ती १२ पासून चालू इंडेक्स किती झाला ते एका व्ह्यूमध्ये दिसतं, पण पुढच्या साठ इंडेक्सना किती लागेल ते कुठेच दिसत नाही. पहाटे चारला मी "सहापर्यंत" म्हणालो, सहाला "आठपर्यंत". समोरच्या माणसांनी त्या भरवशावर आपापलं नियोजन केलं होतं. दहाला ॲप सुरू केलं तर प्रत्येक क्वेरी रांगत होती, कारण रिस्टोअरनंतर ॲनालाइझ चालवायचं राहिलं होतं आणि प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) एकाही टेबलाची आकडेवारी नव्हती. तो आणखी अर्धा तास गेला.

डंपवरच राहणार असाल तर ही कळ बरीच कमी करता येते. डिरेक्टरी फॉरमॅट वापरा, म्हणजे डंप आणि रिस्टोअर दोन्ही समांतर चालतात. कस्टम फॉरमॅटमध्ये फक्त रिस्टोअर समांतर चालतं. रिस्टोअरपुरतं मेंटेनन्स वर्क मेम (इंडेक्स बनवायला मिळणारी मेमरी) वाढवा, मुळातलं ६४ एमबी मोठ्या इंडेक्सला अगदी अपुरं पडतं. मॅक्स वॉल साइझही वाढवा. रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) आणि पासवर्ड डंपमध्ये येत नाहीत, ते पीजी डंपऑलने वेगळे काढावे लागतात. आणि डंपचं साधन सर्व्हरपेक्षा जुन्या आवृत्तीचं नको, ते चालायलाच नकार देतं. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा त्यांच्या सर्व्हरची आवृत्ती ९.६ होती आणि डंप ९.२ च्या साधनाने घेतला जात होता. डंप बनतच नव्हते, आणि तसं कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. शेवटी सुमारे सहा तास जुन्या स्नॅपशॉटवरून काम भागवावं लागलं.

बेसबॅकअपमध्ये फाइल जशाच्या तशा येतात, इंडेक्स तयार असतात, आकडेवारीही असते. फाइल कॉपी व्हायला किती वेळ लागेल हे नेटवर्क आणि डिस्क पाहून सांगता येतं. त्यावर वॉल चढवायचा, म्हणजे नोंदलेले बदल पुन्हा करायचे. त्यातून दुसरा फायदा मिळतो, वेळ निवडता येते. आमच्याकडे एकदा वेअर (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) विसरलेला अपडेट दुपारी चालला. रेप्लिका (मूळ सर्व्हरबरोबर सतत बदलणारी प्रत) होती, पण तीही क्षणात तितकीच बिघडली. वेगळ्या मशीनवर बेसबॅकअप उतरवला आणि रिकव्हरी टार्गेट टाइममध्ये अपडेटच्या एक मिनिट आधीची वेळ दिली. तिथे पोहोचल्यावर सर्व्हर वॉल चढवणं आपोआप थांबवतो आणि वाचण्यापुरता उघडा असतो. डेटा नीट पाहून घेतला आणि तेवढं एक टेबल डंप करून मूळ जागी आणलं. शंका असेल तेव्हा थोडी आधीची वेळ द्या. तिथून पुढे सरकता येतं, पण पुढे गेल्यावर मागे यायचं तर पुन्हा बेसबॅकअपपासून सुरुवात.

या पद्धतीची देखभाल जास्त आहे, हे मान्यच करायला हवं. आर्काइव्ह कमांड अपयशी ठरत राहिली तर वॉलच्या १६ एमबीच्या फाइल साचतात आणि डिस्क भरली की सर्व्हर बंद पडतो. त्यासाठी अलार्म पहिल्याच दिवशी लावा. मधली एक फाइल हरवली तर रिकव्हरी तिथेच संपते. म्हणून कमांड स्वतः लिहिण्यापेक्षा बारमनसारखं बॅकअपचं तयार साधन घ्या. आवृत्ती तीच लागते, आणि ऑपरेटिंग सिस्टीमही शक्यतो तीच असावी. ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम बदलला, तेव्हा जुन्या सिस्टीमवरून फाइल उचलून नव्या सिस्टीमवर ठेवणाऱ्यांचे मजकुरावरचे इंडेक्स चुकीचे ठरले आणि रीइंडेक्स करावं लागलं. आणखी एक: वॉल एकच प्रोसेस चढवते. बेसबॅकअप आठवडाभर जुना असेल तर इथेही रात्र जाऊ शकते. मी तो रोज घेतो. आवृत्ती १७ पासून इन्क्रिमेंटल बॅकअप (फक्त बदललेला भाग घेणारा) आल्यामुळे ते आता जड जात नाही.

डेटाबेस २०-३० जीबीचा असेल आणि एका रात्रीचं काम पुन्हा भरून काढता येत असेल, तर मीही डंपच सुचवेन. त्यापुढे मात्र माझ्या मते बेसबॅकअप. डंप मी अजूनही दर रविवारी घेतो, खराब पानं सापडावीत म्हणून आणि एखादं टेबल चटकन काढता यावं म्हणून.

महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर पूर्ण रिकव्हरी करतो आणि लागलेला वेळ वहीत लिहितो. गेल्या वेळी ५२ मिनिटं लागली. आता फोन आला, तर तोच आकडा सांगेन.