गुणाकार घरी शिकवताना: उभी मांडणी, चौकट की जाळी?

तिसरी-चौथीतल्या मुलाला दोन अंकी गुणाकार शिकवायला बसलात, की आपण शिकलो तीच उभी मांडणी द्यावी की चौकट, असा प्रश्न पडतो. एकच उदाहरण सगळीकडे लावून बघू. आपल्या मार्केट यार्डात गूळ 47 रुपये किलो धरला, तर 36 किलोचे किती?

उभ्या मांडणीत 47 ला 6 ने गुणून 282, मग दशकाच्या 3 ने गुणून 1410, बेरीज 1692. जागा कमी लागते, हात बसला की वेग येतो, आकडे कितीही मोठे असोत, रीत तीच. पण दुसऱ्या ओळीतलं शून्य किंवा फुली राहिली की उत्तर 423 येतं, आणि मुलाला त्यात काही खटकत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. ते 3 म्हणजे 30 आहेत, हे कळण्याआधीच मूल शून्य द्यायला शिकलेलं असतं.

चौकटीत हे लपत नाही. 40 आणि 7 वर, 30 आणि 6 बाजूला, घरं चार: 1200, 240, 210, 42. पहिल्याच घरात 1200 दिसल्यावर 423 कोण लिहील? पुढे बीजगणितात दोन कंसांचा गुणाकार येतो, तोही याच चार घरांचा. अडचण शून्यांची. 40 गुणिले 30 ला 120 लिहिणारी मुलं पुष्कळ असतात, म्हणून आधी 4×3, 40×3, 40×30 अशी चढती उदाहरणं भरपूर करून घ्या. तीन अंकी संख्यांना मात्र नऊ घरं होतात आणि बेरीज लांबते.

जाळी दिसायला देखणी: प्रत्येक घरात एक तिरकी रेघ, तिच्या वर दोन अंकांच्या गुणाकारातला दशक, खाली एकक. गुणताना हातचा नसतो, तो शेवटी तिरक्या बेरजेत येतो. हातच्याला घाबरणाऱ्या मुलाला तिचा आधार होतो, पण घरात सुटे अंकच असल्याने 36 मधल्या 3 चे 30 तिथे दिसत नाहीत. पहिली पद्धत म्हणून मी ती देणार नाही.

चौथी रीत तोंडी हिशोबाची: 47 म्हणजे 50 ला 3 कमी. 36 पन्नास 1800, त्यातून 108 वजा, 1692. ही नवी नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘लीलावती’त 135 गुणिले 12 करायच्या अनेक रीती दिल्या आहेत: 12 ची फोड 8 आणि 4, किंवा 3 गुणिले 4, किंवा गुणक सोयीचा करून फरक नंतर जमेस-वजा धरणं. एकाच गणिताला अनेक वाटा दाखवणं आपल्याकडे जुनंच आहे.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात चौकटीने, मग तेच उदाहरण शेजारी उभ्या मांडणीत. 240 आणि 42 मिळून वरची 282 ची ओळ, 1200 आणि 210 मिळून 1410 ची, हे मुलाला स्वतः सापडू द्या. उभी मांडणी आधीच येत असेल आणि चुका फक्त हातच्याच्या असतील, तर पद्धत बदलू नका, सराव वाढवा. सात सक बेचाळीसला अडखळत असेल, तर आधी पाढे. शिष्यवृत्तीला बसवणार असाल, तर तोंडी रीत हवीच. तिथे भाषा आणि गणिताच्या पेपरात 75 प्रश्नांना 90 मिनिटं असतात आणि उत्तरं पर्यायांतून निवडायची असतात, तेव्हा 1800 च्या थोडं खाली एवढा अंदाज आला तरी चुकीचे पर्याय लगेच गळतात.