बॅकअप एअर टाकी चांगली, सोबतचा एनआरव्ही (टाकीतली हवा उलटी जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) मात्र बदलून घ्या

बडोद्याजवळ नंदेसरीत आमच्या प्लांटला सॉल्व्हंट लाइनच्या शटडाऊन व्हॉल्व्हवर पावसाळ्याआधी डबल अ‍ॅक्टिंग अ‍ॅक्च्युएटर (उघडायला आणि बंद करायलाही हवा लागणारा) आणि हवेचा पुरवठा गेला तरी व्हॉल्व्ह बंद व्हावा म्हणून 100 लिटरची बॅकअप टाकी बसवली. या साइजचा स्प्रिंग रिटर्न (हवा गेली की स्प्रिंगने बंद करणारा) वजनाला आणि खिशाला, दोन्हीला जड पडत होता. पावसाळाभर तक्रार नव्हती. दिवाळीनंतर एका रात्री कंप्रेसर बसला, हेडरचं, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपाचं, प्रेशर हळूहळू उतरलं आणि व्हॉल्व्ह अर्ध्यावर येऊन थांबला. ऑपरेटरने धावत जाऊन हाताने लाइन बंद केली. ज्या एका कामासाठी पैसे मोजले, तेच झालं नाही!

टाकी लहान पडली, असं सगळ्यांचं मत झालं. पुरवठादाराने तर लगेच मोठ्या टाकीचं कोटेशन पाठवलं. पण हिशोब करून बघा: टाकीत 5.5 बार, सिलिंडर 10 लिटरचा. तीन स्ट्रोक झाले तरी साधारण 3.9 बार उरतो आणि आमच्या व्हॉल्व्हला 3.5 पुरतो. मग हवा गेली कुठे?

सर्व्हिसवाला आला, टाकीआधीचा कॉक बंद केला, गेज दाखवून म्हणाला, "बघा साहेब, होल्ड होतंय." होणारच! कॉक आणि एनआरव्हीच्या मधल्या पाइपात हवा कोंडलेली होती, एनआरव्हीची परीक्षा झालीच नव्हती. मी तिथला युनियन (पाइपाचा जोड) सैल करायला लावला. फुस्स आवाज सुरू झाला तो थांबेना, काटा डोळ्यांदेखत पाचाखाली. एनआरव्ही उघडला तर आत मेटल सीट (झडप टेकून बंद होते ती जागा) आणि तिच्यावर जीआय पाइपातल्या गंजाची बारीक खपली. त्यात हेडर सावकाश उतरला की एनआरव्हीला उलटा दाब जेमतेम मिळतो, तो घट्ट बसतच नाही.

त्यामुळे टाकीबद्दल माझं मत पूर्ण बदललं. वेल्डिंग उत्तम, ड्रेन अगदी तळाला, पाणी साचत नाही. आम्ही पदरच्या पैशांनी सॉफ्ट सीटचा एनआरव्ही, त्याआधी फिल्टर आणि कॉक व एनआरव्हीच्या मध्ये हवा सोडायला एक व्हेंट कॉक टाकला. टाकीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ. आता हेडर मुद्दाम सावकाश उतरवून बघतो. काटा जागचा हलत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो.

घेणाऱ्यांनी लिटर विचारण्याआधी सीट कशाची ते लेखी घ्यावं आणि व्हेंट उघडा ठेवूनच टेस्ट करून घ्यावी. "कचऱ्याने झालेलं वॉरंटीत बसत नाही," असं उत्तर आम्हाला मिळालंय. मोठ्या टाकीचं कोटेशन मी परत पाठवलं, एनआरव्हीचे पैसे मात्र सोडणार नाही. पत्रव्यवहार चालू आहे.