एजन्सीमार्फत नऊ महिने अंबडला: हातात काय पडलं

कामगार पुरवणाऱ्या एजन्सीचं ऑफिस नाशिकच्या सातपूरला, कंपनी अंबडला. पाचपैकी दोन स्टार देतोय, तेही काम दोन दिवसांत लागलं म्हणून. माझ्याकडे आयटीआय नाही, ओळख नाही. आधार आणि पासबुकची झेरॉक्स दिली, तिसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टसाठी एक्सलो पॉइंटला रिक्षातून उतरलो.

ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "साडेसोळा पडतात." कुठे पडतात, ते विचारायचं राहिलं. पूर्ण महिना भरून खात्यात आले ११,५७८. पाच वेळा मागितल्यावर स्लिप मिळाली: पगार १३,५००, पीएफ १,६२०, ईएसआयसी (कामगार विमा) १०२, व्यवसाय कर २००. मालकाने भरायचा पीएफ, ईएसआयसी आणि बोनससुद्धा त्या साडेसोळात मोजलेला होता. पुढच्या महिन्यात सेफ्टी शूजचे ६५० गेले, त्याची स्लिपवर ओळच नाही. ओव्हरटाइम कायद्याने डबल, मला सिंगल मिळाला.

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण चौथ्या महिन्यात यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) अॅक्टिव्हेट करून उमंग अॅपवर पीएफचं पासबुक उघडलं. चार वेळा कापलेले पैसे, भरणा एकाच महिन्याचा! एजन्सी म्हणते, कंपनीने बिल पास केलं नाही. कंपनीचा एचआर म्हणतो, तुम्ही आमचे नाही. मशीन कंपनीचं, हजेरीचं पंचिंग कंपनीचं, शिव्या देणारा सुपरवायझरही कंपनीचाच; फक्त पैशाचं बोलायचं झालं की मी एजन्सीचा.

कॅन्टीनमध्ये एका पर्मनंट काकांनी सांगितलं, ठेकेदाराने पगार थकवला, पीएफ बुडवला तरी मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत, एजन्सीच्या मागे फिरू नकोस. मग चार स्लिपा आणि पासबुकचा प्रिंट जोडून कंपनीच्या नावाने अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. शिक्का मारायला क्लार्क तयारच नव्हता, अर्धा तास उभा राहिलो. बाराव्या दिवशी दोन महिने एकदम जमा झाले. एक अजून बाकी आहे.

ईएसआयसीचा नंबर मात्र पहिल्याच दिवशी मागा. आजारपणाच्या पैशांसाठी ७८ दिवसांची वर्गणी लागते, कामावरच्या अपघाताला तशी अट नाही. आमच्या लाइनवरच्या पोराचं बोट प्रेसमध्ये सापडलं तेव्हा त्याचा नंबरच काढलेला नव्हता. खाजगी दवाखान्याचं बिल आम्ही वर्गणी काढून भरलं.

सात महिने झाले आणि रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज: "खालील लोकांनी उद्यापासून येऊ नये." चौथं नाव माझं, आडनाव चुकीचं. अकरा दिवस घरी बसलो, मग त्यांचाच फोन आला.

आता परत त्याच लाइनला, त्याच मशीनवर आहे. कार्ड नवीन दिलंय, त्यावर रुजू झाल्याची तारीख ब्रेकनंतरची आहे. आडनाव अजून चुकीचंच.