सात दिवसांचा परागकण ट्रॅप: यंत्र दणकट, पण फ्लोचं काय?

हर्स्ट ट्रॅप म्हणजे पंपाने हवा ओढून त्यातले परागकण ड्रमवरच्या चिकट टेपवर पकडणारं यंत्र, एवढंच सांगतो. मूळ रचना 1952 सालची (तेव्हा ड्रमऐवजी काचपट्टी होती), आकडे अजूनही तेच: मिनिटाला 10 लिटर हवा, 14 बाय 2 मिलिमीटरची फट, तासाला 2 मिलिमीटर सरकणारा ड्रम. उन्हापावसात महिनोन्‌महिने उभा आहे, ड्रम फिरवणारं घड्याळ एकदाही अडकलं नाही. शेपूट वारा वळेल तशी वळते, फटीचं तोंड वाऱ्याकडेच राहतं. क्वचित फटीत चिलट अडकतं, तेवढंच. पहिल्या हंगामात मी विचारेल त्याला ‘डोळे मिटून घ्या’ म्हणत होतो.

आता म्हणतो, घ्या, पण डोळे उघडे ठेवून.

जवळच्या परागकण-मोजणी केंद्रापेक्षा आमचे आकडे कायम चढे यायला लागले. सर्व्हिसवाला आला, फटीवर रोटामीटर (फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा जाते, ते आतल्या गोळीने दाखवणारी नळी) धरला, गोळी दहावर. "दहा दाखवतंय ना साहेब? मग झालं!" वर व्हिजिट चार्ज.

अहो, पण रोटामीटर स्वतःच हवा अडवतो! तो लावलेला असताना दहा. काढला की पंपावरचा ताण उतरतो आणि तो जास्त ओढतो. कमी अडथळ्याचा मीटर उसना आणून पाहिलं, तर काटा बाराच्या आसपास. आपण दिवसाचे कण 14.4 घनमीटरने भागतो, आत जाते 17 घनमीटरहून जास्त हवा. जिथे घनमीटरला 100 कण, तिथे आपण 120 लिहिणार. एवढ्या महागड्या यंत्रासोबत असलं मापन देताना यांना काहीच कसं वाटत नाही?

कोणी म्हणेल, दिवसाच्या 48 मिलिमीटर टेपवर फुक्सिन हा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली चारच पट्टे मोजता, त्यातली चूक याहून मोठी असेल. असेल. पण ती आज वर, उद्या खाली. फ्लोची चूक रोज एकाच बाजूला, आणि हंगामाच्या बेरजेतही ती जिरत नाही.

तरी ट्रॅप परत करणार नाही. नुसत्या ग्रीस लावलेल्या काचेवर कण पडू दिले तर किती हवेतले ते कळतच नाही, आणि आपोआप कण ओळखणारी यंत्रं खिशाला झेपणारी नाहीत. नवीन घेणाऱ्यांनी कमी अडथळ्याचा मीटर ऑर्डरमध्येच लिहून मागावा, नंतर वेगळे पैसे लावतात.

सध्या उघडी फट दहा ओढेल असा फ्लोचा स्क्रू बसवलाय. त्यावर रोटामीटर धरला तर गोळी दहाच्या खाली राहते. सर्व्हिसवाला आला की ती ‘दुरुस्त’ करणार हे नक्की, म्हणून स्क्रूवर चिकटपट्टी मारून ‘हात लावू नये’ असं लिहून ठेवलंय.