दिवाळीचा किल्ला: मातीचा, गोणपाटाचा की तयार आणलेला?

सहामाही परीक्षा संपली की किल्ला होणार हे ठरलेलंच असतं. गाडी अडते ती जागेपाशी. अंगण असेल तर प्रश्न नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांपुढे मात्र तीन वाटा असतात: खराखुरा दगडमातीचा किल्ला, खोक्यांवर गोणपाट टाकून केलेला किल्ला, नाहीतर रस्त्याकडेला मिळणारा प्लास्टर ऑफ पॅरिसचा रंगवलेला गड.

खाली जमीन असेल तर मातीचाच करा. दगड आणि विटांचे तुकडे रचायचे, फटींत माती ठासायची, वरून चिखल थापायचा. कातळकडा हवा असेल तर काळ्या दगडाची चपटी कपची उभी रोवायची. सह्याद्रीचे कडेही याच बेसॉल्टचे, त्यामुळे रंगाची गरजच पडत नाही. माती शक्यतो लाल घ्यावी. काळी माती वाळताना आकसते आणि दुसऱ्या दिवशी तटाला भेगा पडतात. नुसती काळीच मिळाली तर तिच्यात बारीक वाळू आणि थोडं शेण कालवावं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी सेक्रेटरींना विचारा आणि पेव्हर ब्लॉकवर जाड ताडपत्री अंथरा. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला तर उघड्यावरच्या किल्ल्याला धोका आहेच, म्हणून झाकायला आणखी एक ताडपत्री हाताशी हवी. मांजरांचा बंदोबस्त मात्र अजून कुणाला जमलेला नाही.

हाच किल्ला बाल्कनीत करायचा म्हटलं की हिशेब बदलतो. एक घनफूट ओल्या मातीचं वजन साधारण ५० किलो भरतं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच डोंगर, निमुळता धरला तरी सहा घनफुटांच्या आसपास जातो. म्हणजे ३०० किलो, तेही बाहेर काढलेल्या सज्ज्यावर. शिवाय पाण्यासोबत वाहिलेली माती जाळीतून पाइपात उतरली की खालच्या मजल्यावरचे लोक वर येणार.

म्हणून फ्लॅटसाठी माझं मत सरळ गोणपाटाला. आत पुठ्ठ्याची खोकी, उलटे डबे, एखादं मोडकं स्टूल, चुरगळलेली रद्दी, जे असेल ते. डोंगराचा आकार इथेच ठरतो, तेव्हा ही पायरी पोरांवर सोडावी. मग पातळ चिखलात गोणपाट बुडवून त्यावर पांघरायचा आणि ओला असतानाच चिमटे काढून सोंडा, घळी पाडायच्या. वाळला की तो कडक होऊन आकार धरतो. वजन मातीच्या किल्ल्याच्या पासंगालाही पुरत नाही आणि सगळं पाटावर रचलं तर किल्ला उचलून आतही घेता येतो. गैरसोय एकच: ओला चिखल फार झाला तर पुठ्ठा लगदा होतो आणि बालेकिल्ला खचतो. खोक्यांवर आधी प्लास्टिकची पिशवी ताणून बसवली की हा त्रास वाचतो.

तयार किल्ला काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतो, तासाभरात मांडून होतो आणि नंतर माळ्यावर ठेवता येतो. घरात कुणी आजारी असेल, आईवडील दोघंही वसुबारसेपर्यंत कामावर असतील, तर तो आणण्यात कमीपणा नाही. पण त्यात पोरांच्या वाट्याला चित्रं, म्हणजे मावळ्यांचे छोटे पुतळे, मांडण्यापलीकडे काही उरत नाही, आणि तेवढ्याने सुट्टीची एक सकाळसुद्धा सरत नाही. तुटल्यावरही प्रश्न आहेच. प्लास्टर पाण्यात सहज विरघळत नाही, कुंडीतही घालता येत नाही.

गड कुठला करायचा हेही जागेवरच ठरवावं. राजगड सगळ्यांना हवा असतो, पण पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन दिशांना फाकलेल्या तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला बसवायला निदान चार फुटांचा चौरस लागतो. कमी जागेत केला तर माच्या आखडतात आणि तो राजगड वाटतच नाही. जागा असेल तर मात्र सुवेळा माचीवरचं नेढं जरूर करा, आरपार भोक पाडायला पोरं एका पायावर तयार असतात. रायगडाचा माथा रुंद, त्यामुळे होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वराचं मंदिर मांडायला सोयीचा आणि टकमक टोकाला एक कडा दिला की पुरे. प्रतापगड आटोपशीर. पायथ्याशी १६५९ च्या भेटीचा शामियाना उभारला की बघणाऱ्याला गडाचं नाव सांगावं लागत नाही.

बाल्कनीला सगळ्यात चांगला पण सहसा कुणाला न सुचणारा पर्याय म्हणजे सिंधुदुर्ग. मालवणसमोरच्या कुरटे बेटावरचा हा जलदुर्ग, बांधकाम १६६४ साली सुरू झालं. डोंगरच नाही, त्यामुळे उंचीही नाही आणि वजनही नाही. नागमोडी तट, तटात दडलेला दरवाजा, आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी, झाला किल्ला. समुद्रासाठी पाणी साठवू नका, डास होतात. निळी रांगोळी पसरा. हे चारही गड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत, त्यामुळे बघून करायला फोटो भरपूर सापडतात.

स्पर्धेत नाव दिलं असेल तरच हुबेहूब प्रतिकृतीच्या मागे लागा. तिथे बहुतेक वेळा बापच खाली बसलेला असतो आणि पोरगं पाणी आणून देतं. एरवी गुहेत वाघ, तटाखाली शेत आणि महादरवाजासमोर प्लास्टिकची जीप असलेला काल्पनिक गड झाला तरी शिवाजी महाराज सिंहासनावर बसतातच.

हिरवळीसाठी हळीव, मोहरी की गहू? उतारावर हळीवच. भिजला की बुळबुळीत होतो आणि उभ्या गोणपाटालाही चिकटून राहतो, मोहरीचे दाणे घरंगळून तळाशी जमतात. पाचसहा दिवसांत हळीवाची छान लव उठते, म्हणून वसुबारसेच्या साधारण आठवडाभर आधी पेरावा आणि फवाऱ्यानेच पाणी द्यावं. मोहरी सपाटीवर ठीक. गहू इतका उंच वाढतो की मावळे त्यात बुडतात. तो डोंगरावर नको, पायथ्याच्या शेतात पेरा.

किल्ला काही घरांत भाऊबीजेनंतर लगेच मोडतात, काही घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. मातीचा असेल तर माती चाळून कुंड्यांत जाते, त्यात मुळांसकट हळीव गेला तरी बिघडत नाही. गोणपाट झटकून कडक उन्हात वाळवा, पुढच्या वर्षी तोच चालतो. चित्रं एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळा, तलवारी आधी मोडतात.