ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट की पॅरालीगल? इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्याच्या दोन वाटा

इंग्लंडमध्ये एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करायला गेलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्या सत्रातच एक निर्णय घ्यावा लागतो. वकिलांच्या मोठ्या फर्मच्या ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी, म्हणजे दोन वर्षांच्या पगारी प्रशिक्षणासाठी, अर्ज भरायचे, की मिळेल त्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलाचा सहायक, म्हणून शिरून दोन वर्षांचा अनुभव जमवायचा? सप्टेंबर 2021 मध्ये एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही दोन टप्प्यांची सामायिक परीक्षा सुरू झाली, तेव्हापासून दोन्ही वाटांनी सॉलिसिटर, म्हणजे अशिलांना सल्ला देणारा आणि त्यांची कागदपत्रं करणारा वकील, होता येतं. परीक्षा तीच आणि दोन वर्षांची अटही तीच. खरा फरक खर्च कोण उचलतं आणि व्हिसा कोण काढून देतं, यात आहे.

ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टची गंमत अशी की निवड साधारण दोन वर्षं आधी होते. आज अर्ज भरणारा दोन वर्षांनी कामाला लागतो, म्हणून वर्षभराच्या एलएलएमच्या विद्यार्थ्याला उतरल्या उतरल्या अर्जाला बसावं लागतं. ऑनलाइन फॉर्म, मग बहुतेक ठिकाणी वॉटसन-ग्लेझर नावाची तर्काची चाचणी, रेकॉर्ड केलेली मुलाखत आणि शेवटी असेसमेंट सेंटर, म्हणजे दिवसभराच्या निवडचाचण्या. बऱ्याच फर्म उमेदवार आधी व्हेकेशन स्कीममध्ये, म्हणजे एक-दोन आठवड्यांच्या कामात, पारखून घेतात. त्यामुळे स्कीमचा अर्ज हाच खरा अर्ज समजा. निवड झाली की मोठी फर्म एसक्यूईची फी, क्लासचा खर्च आणि वर राहण्याखाण्याची रक्कमही देते. लंडनच्या ‘सिटी’ या आर्थिक भागातल्या बड्या फर्मचा पहिल्या वर्षाचा पगार 50,000 पौंडांच्या वर असतो. दोन वर्षांत सहसा सहा-सहा महिन्यांच्या चार ‘सीट’, म्हणजे चार वेगवेगळे विभाग.

फॉर्ममध्ये आपली मुलं अडकतात ती ‘आमचीच फर्म का?’ या प्रश्नाशी. फर्मच्या वेबसाइटवरची विशेषणं उलटी फिरवून लिहिलेलं उत्तर वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतं. पन्नास अर्ज भरण्यापेक्षा आठ-दहा नीट भरा, त्या फर्मने केलेला एखादा व्यवहार समजून घेऊन त्यावर लिहा. गुणांचंही भान ठेवा. आपल्याकडे 60 टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणतात, तिकडे 60 ते 69 म्हणजे टू-वन, सेकंड क्लासमधली वरची श्रेणी. बऱ्याच फर्मची किमान अट तीच असते, तेव्हा विद्यापीठाची श्रेणीपद्धत एका ओळीत समजावून द्या.

दुसरी वाट पॅरालीगलची. घरखरेदीची कागदपत्रं, मृत्युपत्रं, घटस्फोट, इमिग्रेशन अशी कामं करणाऱ्या छोट्या फर्म गरजेप्रमाणे माणूस घेतात. दोन वर्षं आधी कुणी विचारत नाही. इथे छापील फॉर्मपेक्षा पार्टनरला लिहिलेलं नेमकं पत्र चालतं. (लेस्टर किंवा वेम्बलीसारख्या गुजराती वस्तीत गुजराती येत असेल तर जरूर लिहा. मराठी अशील शोधावा लागेल.) दोन वर्षांचं काम जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पूर्ण करता येतं, विद्यापीठाच्या लॉ क्लिनिकमधलं, म्हणजे मोफत कायदेसल्ला केंद्रातलं, कामही धरलं जातं. भारतातलं कामही चालू शकतं, मात्र त्यावर सही इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरची लागते. सही करणारा तुमच्या हुशारीची हमी देत नाही, शिकण्याची संधी मिळाली एवढंच सांगतो. म्हणून कामाची नोंद आठवड्याच्या आठवड्याला ठेवा; ऑफिस सोडल्यावर जुन्या फायली हाती लागत नाहीत.

इथे खर्च तुमचा. दोन्ही टप्प्यांची परीक्षा फीच 5,000 पौंडांच्या आसपास जाते, क्लास वेगळा. सॉलिसिटर झाल्यावर नोकरीही नव्याने शोधावी लागते. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टवाल्यांपैकी बरेच जण त्याच फर्ममध्ये कायम होतात.

तरीही मी पॅरालीगलची वाट कमी लेखणार नाही, एक अट सोडून: व्हिसा. जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी, म्हणजे नोकरी देणाऱ्याने काढून दिलेल्या व्हिसासाठी, सर्वसाधारण पगाराची अट 41,700 पौंड आहे, नवख्यांना सवलत धरूनही किमान 33,400. गल्लीतली छोटी फर्म पॅरालीगलला एवढं देत नाही. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर काम करता येतं, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधर आणि एलएलएमवाल्यांना तो दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचाच मिळेल. म्हणजे दोन वर्षांचं काम त्यात बसतच नाही. जोडीदाराच्या व्हिसावर असाल किंवा तिथे कायमचा वास्तव्य-हक्क असेल, तर पॅरालीगल व्हा आणि कमावता कमावता परीक्षा द्या. विद्यार्थी व्हिसावर असाल, तर ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टवरच जोर लावा, तोही फर्म व्हिसा काढून देते का हे आधी विचारून.

अजून पुण्या-मुंबईतच असाल तर घाई करू नका. बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा आधी उरका. दुसऱ्या देशात वकिली करायचा हक्क असलेल्याला एसक्यूई द्यावी लागते, पण ती दोन वर्षांची अट लागू होत नाही. पहिल्या टप्प्याची परीक्षा भारतातल्या केंद्रावर देता येते. दुसऱ्या टप्प्यातल्या तोंडी परीक्षेसाठी मात्र तिकडे जावंच लागतं. एलएलएमची फी भरण्याआधी हा हिशेब घरच्यांसमोर मांडा.